पिल्लाच्या गळ्यात पहिला पट्टा

दिवाळी संपून आठवडा झाला होता. आमच्या इंदूरच्या कॉलनीत एका अर्धवट बांधकामाच्या आडोशाला एका कुत्रीने पिल्ले घातली होती. एका रात्री ती कुत्री मोठ्या रस्त्यावर मोटारीखाली आली. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या लोकांनी एकेक पिल्लू नेले आणि उरलेले एक, तांबूस रंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले, आमच्या मुलांनी स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणले. धाकटीने तिचे नावही वाटेतच ठेवले होते : चिंगी.

"ठेवायची तर ठेवा, पण ही त्या रस्त्यावर जाता कामा नये," एवढी एकच अट सासूबाईंनी घातली. अट अगदी रास्त होती. ती पाळायची म्हणून ह्यांनी त्याच संध्याकाळी बाजारातून चामड्याचा जाड पट्टा आणि लोखंडी साखळी आणली. "मोठी झाल्यावरही उपयोगी पडेल," असा त्यामागचा हिशेब. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळून चिंगीच्या गळ्यात घातला, साखळी खिडकीच्या गजाला अडकवली आणि आम्ही चहा प्यायला बसलो.

चहाचा पहिला घोट घेण्याआधीच घर डोक्यावर घेतले तिने. मागच्या पायांनी पट्टा ओरबाडत होती, मागे मागे सरकत होती, साखळी ताणली की केकाटत होती. शेवटी तिने जागेवरच लघवी केली आणि थरथरत पडून राहिली. मुलगा रडू लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सोड तिला आधी. लेकराला फास लागल्यासारखं झालंय."

आम्ही सोडले. पण नुकसान झालेच होते. पुढचे चार दिवस साखळीचा नुसता खळखळाट ऐकला तरी चिंगी कपाटामागे जाऊन बसे. जी वस्तू तिला रस्त्यापासून वाचवणार होती, तिचीच तिला सर्वांत जास्त भीती बसली होती.

चूक कुठे झाली?

पहिल्या लसीसाठी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा मी हा सगळा प्रकार सांगितला. डॉक्टर हसले. म्हणाले, "तुम्ही तिला एका संध्याकाळी तीन नव्या गोष्टी दिल्यात. गळ्याला पट्टा, पट्ट्याला वजन आणि वजनाला खुंटी. माणसाच्या मुलाला तरी आपण एकाच दिवशी बूट घालायला, चालायला आणि शाळेत जायला शिकवतो का?"

त्यांनी सांगितलेला नियम सोपा आहे. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि प्रत्येक नव्या गोष्टीच्या मागोमाग पिल्लाला आवडणारे काहीतरी. पुढचे सगळे या एका नियमातून निघते.

यासाठी वयही अनुकूल असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते. या काळात जे चांगल्या अनुभवासह भेटले ते आयुष्यभर आपले वाटते, आणि ज्याचा धसका घेतला तो धसकाही खोल रुजतो. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे घरी आल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे फार मोलाचे. "मोठा झाल्यावर बघू" म्हणून ते वाया घालवू नयेत.

पट्टा कसा निवडावा

जाड चामडे आणि लोखंडी साखळी पिल्लासाठी नव्हेच. दोन-तीन किलोच्या जिवाच्या मानेवर ते ओझे होते. शिवाय उन्हात साखळी तापते आणि तिला झटका बसला तर तो थेट मानेला बसतो.

पिल्लासाठी नायलॉनचा किंवा सुती, मऊ, चपटा आणि हलका पट्टा घ्यावा. घेण्याआधी मानेचे माप शिंप्याच्या टेपने घ्यावे. टेप नसेल तर सुतळी मानेभोवती धरून ती पट्टीवर मोजावी. पट्टा लावल्यावर त्याच्या आणि मानेच्या मध्ये आपली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. एकच बोट गेले तर पट्टा घट्ट आहे, तीन गेली तर सैल. घट्ट पट्ट्याने केस झडतात आणि कातडी सोलवटते. सैल पट्टा तर त्याहून धोक्याचा. घाबरलेले पिल्लू मान खाली घालून मागे सरकले की तो कानांवरून निसटतो आणि हातात नुसती दोरी उरते. खालचा जबडा त्यात अडकण्याचीही भीती असते.

पिल्लू वाढत असते, हे विसरू नये. दर तीन-चार दिवसांनी दोन बोटांची परीक्षा घ्यावी. पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीन पट्टे बदलावे लागतात, म्हणून पहिला महागडा घेण्यात अर्थ नाही.

जातीप्रमाणेही फरक पडतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घेणे मुळातच जड जाते. त्यांच्या मानेवर ताण नको. त्यांना छातीपट्टा, ज्याला दुकानात हार्नेस म्हणतात, तोच बरा. मुधोळ किंवा पश्मी जातीच्या कुत्र्यांचे डोके मानेच्या मानाने निमुळते असते, त्यामुळे साधा पट्टा सहज निघून येतो. त्यांना रुंद पट्टा किंवा नीट मापाचा छातीपट्टा लागतो. मानेवरचा ताण हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, गळपट्टा ओढला जातो तेव्हा कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो. छातीपट्ट्याने तो तसा वाढला नाही.

आपल्याकडे पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा आणि घुंगरू बांधण्याची हौस असते. दिसते छान, पण दोरा वाढत्या मानेबरोबर वाढत नाही. केसांत लपून तो कधी काचू लागला ते कळतही नाही. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरीने काढावी, दोऱ्याने नको!

पहिले चार दिवस : नुसता पट्टा

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही जुना पट्टा आणि साखळी नजरेआड केली आणि पातळ नायलॉनचा नवा पट्टा आणला. पहिल्या दिवशी तो घातलाच नाही. जमिनीवर ठेवला आणि त्याच्या भोवती उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे टाकले. चिंगीने लांबून मान ताणून एक तुकडा उचलला आणि पळाली. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत ती पट्ट्यावर पाय ठेवून खात होती.

दुसऱ्या दिवशी पट्टा हातात धरून मानेला हलकेच लावला आणि लगेच खाऊ दिला. तिसऱ्या दिवशी बकल लावले, जेवणाची वाटी पुढे ठेवली आणि जेवण संपायच्या आत काढूनही घेतले. चौथ्या दिवशी पट्टा घालून मुलांनी तिच्याशी चेंडू खेळायला सुरुवात केली. तिने दोनदा मान खाजवली, पण चेंडू दिसताच पट्टा विसरली.

येथे एक बारीक गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे क्रम. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की, अन्नाच्या आधी दर वेळी तीच खूण मिळाली तर काही दिवसांनी नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपल्याला तेच हवे आहे. आधी पट्टा, मग खाऊ. आपण बहुतेक उलट करतो. खाऊ दाखवून पिल्लाला जवळ बोलावतो आणि पकडून पट्टा अडकवतो. मग पिल्लू पट्ट्यावर तर नाहीच, खाऊवरही विश्वास ठेवीनासे होते.

पिल्लू पट्टा ओरबाडू लागले तर त्या क्षणी तो काढू नये, आणि रागावूही नये. काढला तर 'ओरबाडले की सुटका होते' हे ते शिकते. त्याचे लक्ष खेळण्याकडे वळवावे आणि ते शांत झाले की मग पट्टा काढावा. पिल्लू घरात एकटे असेल किंवा दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करत असेल, तेव्हा पट्टा काढलेलाच बरा. खिडकीच्या गजात, खाटेच्या पट्टीत किंवा दुसऱ्याच्या दातांत तो अडकू शकतो.

खाऊ काय द्यावा? अंड्याचा, पनीरचा किंवा बिनमसाल्याच्या उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा पुरतो. पोळीच्या तुकड्यावरही कित्येक पिल्ले खूष असतात. मात्र चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्यांना विषासारखे आहेत. लाडाने दिलेला मनुका महागात पडू शकतो, हे मुलांना बजावून ठेवावे.

मग हलकी दोरी

पट्टा अंगवळणी पडल्यावर दोरीची पाळी. चार ते सहा फुटांची हलकी दोरी घ्यावी. आम्ही तर पहिले दोन दिवस परकराच्या नाडीचा दोन फुटांचा तुकडा पट्ट्याला बांधला आणि तो जमिनीवर फरफटत राहू दिला. टोक कुणीच धरायचे नाही. मात्र नजर ठेवायची, कारण टेबलाच्या पायाला ती गुंडाळली की पहिला झटका तिथेच बसायचा.

त्यानंतर टोक हातात घ्यायचे, पण आपण पिल्लाला न्यायचे नाही. पिल्लू जाईल तिकडे आपण जायचे, दोरी ढिली ठेवून. धाकटीला हा खेळ फार आवडला. घरभर चिंगी पुढे आणि ही मागे! दोन-तीन दिवसांनी भूमिका बदलायची. आपण दोन पावले मागे सरकायचे, आनंदाने नाव घ्यायचे, आणि पिल्लू आपल्याकडे आले की खाऊ. दोरी ओढायची नाही. पिल्लू स्वतःहून आले पाहिजे.

ओढायचे का नाही? कारण कुत्र्याला एका बाजूला ओढले की ते आपोआप दुसऱ्या बाजूला जोर लावते. तो हट्ट नसतो, तोल सांभाळण्याची उपजत रीत असते. आपणही कुणी हात धरून खेचले तर आधी मागेच रेलतो. म्हणून पिल्लू बसून राहिले तर त्याला फरफटत नेऊ नये. खाली बसावे, बोलवावे, वाट पाहावी. आणि पिल्लू पुढे ओढू लागले तर आपण खांबासारखे उभे राहावे. दोरी ढिली झाली की चालू लागावे. 'ताण आला की सगळे थांबते, ढिली असली की मजा पुढे चालू राहते,' हे त्याला चार दिवसांत कळते. मात्र घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला पाहिजे. आई थांबते आणि बाबा ओढत नेतात, असे झाले तर पिल्लू काहीच शिकत नाही.

दोरी चावण्याची खोड बहुतेक पिल्लांना असते. कुत्र्याचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडून पक्के ४२ येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. दोरी तोंडात धरली की खेचाखेच करू नये, त्याला तो खेळ वाटतो. सोबत चावायचे खेळणे ठेवावे आणि दोरीऐवजी ते द्यावे.

हे सगळे धडे पाच मिनिटांचे असावेत. दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटे पुरेत. पिल्लू कंटाळायच्या आत थांबणे, हीच खरी युक्ती.

उंबऱ्याबाहेर

लसीकरण पूर्ण होण्याआधी पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा इतर कुत्र्यांच्या वावरातल्या जागी जमिनीवर सोडू नये. पार्व्होसारखा रोग जिवावर बेततो. या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि ठरावीक अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. नेमके वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे. पण तोवर पिल्लाला घरात कोंडूनही ठेवू नये. आम्ही चिंगीला भाजीच्या पिशवीत बसवून रोज कोपऱ्यापर्यंत नेत असू. रिक्षा, सायकलची घंटा, भोंगा, दूधवाल्याच्या बरण्या, सगळे तिने पिशवीतूनच पाहून घेतले.

लसी पूर्ण झाल्यावर संक्रांतीच्या दिवशी चिंगी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर पडली. दहाच मिनिटे. सुरुवातीला शांत गल्ली, शांत वेळ. कुत्र्याचे फिरणे म्हणजे व्यायामापेक्षा हुंगणे असते. त्याला खांब, झाड, गवत हुंगू द्यावे. आपले दहा मिनिटांचे वर्तमानपत्र ते नाकाने वाचत असते. उन्हाळ्यात निघण्याआधी डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

समोरून रस्त्यावरची कुत्री आली तर दोरी आवळून उभे राहू नये. तो ताण पिल्लाला लगेच कळतो आणि तेही ताठरते. अंतर ठेवून, शांतपणे बोलत वाट बदलावी. पट्ट्याला नाव नको, दूरध्वनी क्रमांकाची चकती मात्र जरूर असावी. आपल्या गावात नगरपालिकेचा परवाना लागत असेल तर तोही काढून घ्यावा.

कायदा काय म्हणतो

साखळीचा उपयोग फिरण्यासाठी, दिवसभर बांधून ठेवण्यासाठी नव्हे. हे नुसते दयेचे बोलणे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या ११ व्या कलमात, जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्याची हयगय करणे, हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. तो कायदा साऱ्या देशाला लागू आहे. गळा आवळणाऱ्या आणि खिळ्यांच्या साखळ्याही पिल्लासाठी आणू नयेत. त्यांनी शिकवण होत नाही, मान आणि श्वासनलिका मात्र दुखावते.

वसंतपंचमीची ती संध्याकाळ

चिंगी पाच महिन्यांची झाली होती. नवा, थोडा मोठा पट्टा आणून आठवडा झाला होता. वसंतपंचमीच्या संध्याकाळी मी आणि मुलगा तिला घेऊन निघालो. दारातच मुलगा थांबला. "आई, तीन बोटं जातायत." त्याने वाकून पट्टा एका भोकाने आवळला. मी घाईत होते. खरे सांगते, मी पाहिलेही नव्हते.

मोठ्या रस्त्याच्या कडेने आम्ही परतत होतो. वळणावर अचानक एका लग्नाची वरात आली. बँड, दिव्यांच्या माळा, आणि आमच्यापासून वीस पावलांवर कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. चिंगी उडालीच. थेट रस्त्याकडे. समोरून मालाचा टेम्पो येत होता. दोरी संपली, पट्टा मानेवर बसला, तिने मान खाली घालून मागे जोर लावला. सैल पट्टा असता तर तेवढ्यात निसटला असता. तो निसटला नाही.

मुलगा दोन पावले मागे सरकला आणि घरात रोज घेतो तशाच आवाजात त्याने हाक मारली, "चिंगी!" लड अजून फुटत होती. चिंगीने एक क्षण रस्त्याकडे पाहिले, मग वळली आणि त्याच्या पायांत येऊन शिरली. थरथर कापत होती, पण आली होती. टेम्पो निघून गेला. आम्ही तिला उचलून घरी आणले.

दोरीने तिला क्षणभर थोपवले, हे खरे. पण त्यानंतर तिला परत आणले ते घरातल्या त्या पाच-पाच मिनिटांनी. 'दोरीला ताण आला की माणसाकडे वळायचे, तिथे आपले कुणीतरी असते,' हे ती नाडीच्या तुकड्यावर शिकली होती. पहिल्या दिवशीच्या त्या साखळीला ती बांधलेली असती, तर तिने पळण्याचाच जोर केला असता.

दुसऱ्या दिवशी पट्टा पाहून ती पुन्हा कपाटामागे गेली. आम्ही ओढून काढले नाही. पुन्हा जमिनीवर पट्टा, पुन्हा अंड्याचे तुकडे, पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात. या वेळी चार दिवस लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पट्टा हातात धरला, तेव्हा ती स्वतःच आली आणि तिने मान पुढे केली. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "दोन बोटं बघ रे बाबा आधी."

ती जुनी लोखंडी साखळीही वाया गेली नाही. मुलाच्या सायकलला रात्री तीच लावतो आम्ही.